थोड्या वेळाने विचारीन

माझ्या नोकरीचं सगळं सामान एका कापडी पिशवीत मावायचं. छापील कागदांचा गठ्ठा, दोन शिसपेन्सिली, एक खोडरबर. घड्याळ मनगटावर. मनाच्या आजारांच्या दवाखान्यातली बाई म्हटल्यावर लोकांना वाटायचं, हिच्याजवळ शॉक द्यायचं मशीन तरी असणार. पिशवीतून पेन्सिल निघाली की त्यांचा पार हिरमोड व्हायचा. परतूरला एका आजोबांनी तर विचारलंच होतं, "बस, एवढ्यावरच भागवता का मॅडम?"

एवढ्यावरच भागवलं, आणि तेही बरीच वर्षं. एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात मी समाजसेविका होते. जालन्याहून सकाळी आमची गाडी निघायची. महिन्यातून एकदा परतूर, एकदा शहागड, आणि दुसऱ्या मंगळवारी हसनाबाद. गाडीत डॉक्टर, गोळ्यांच्या पेट्या, मी आणि ड्रायव्हर हनीफभाई. गावात मिळेल त्या खोलीत टेबल मांडायचं, बाहेर पन्नासेक माणसं बसलेली असायची. त्यात स्किझोफ्रेनियाचे पेशंट बरेच.

हा आजार घरचे ओळखतात तो आवाजांवरून आणि संशयावरून. कुणीतरी कानात बोलतंय, शेजारी विष घालतोय, वगैरे. गोळ्यांनी ते पुष्कळदा बसतं. पण बऱ्याच जणांचं आणखीही काहीतरी गेलेलं असतं आणि त्याची तक्रार कुणी करत नाही. बाजारातून तीन वस्तू आणायला पाठवलेला माणूस एकच घेऊन येतो. दूध गॅसवर ठेवतो आणि उतू जाताना तिथेच उभा राहून बघतो. घरचे म्हणतात, ऐतखाऊ झालाय. आळस नसतो तो. लक्ष, स्मरण, एका कामामागे दुसरं काम लावणं, हे सगळं ढिलं पडलेलं असतं. कुणाचं किती ढिलं पडलंय हे नीट तपासायला शहरातला मानसशास्त्रज्ञ आणि दोन-तीन तास लागतात. ते आमच्याकडे कुठून असणार? म्हणून ही पंधरा मिनिटांची छोटी चाचणी. ती म्हणजे चाळणी. चाळणीवर जो अडकला त्याला पुढे नीट तपासायचं, एवढंच तिचं काम. त्या कागदावरच्या आकड्याला निकाल समजायचं नाही, हे वाक्य प्रशिक्षणात माझ्याकडून घोकून घेतलं होतं आणि पुढे नव्या मुलींकडून मी ते घोकून घेतलं. मला ते किती कळलं होतं, तेच आज लिहायला बसले आहे.

चाचणी साधी. सुरुवातीला पाच शब्द सांगायचे, एका सेकंदाला एक, आवाजात चढउतार न करता. समोरच्याने ते लगेच म्हणून दाखवायचे. मग आपण म्हणायचं, "हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारीन." मधल्या वेळात दुसरी कामं द्यायची. घड्याळ काढा, त्यात अमुक वाजलेले दाखवा. महिने उलटे म्हणा. एका मिनिटात आठवतील तेवढी जनावरं सांगा. ती संपली की विचारायचं, मघाशी सांगितलेले पाच शब्द कोणते? जितके आठवले तितके गुण.

ज्यांनी हे कागद बनवले त्यांनी आमची माणसं बघितली नव्हती. परतूरकडच्या एका मेंढपाळाला मी जनावरं विचारली, तर त्याने मोरी, काणी, तांबडी, लंगडी, भुरी अशी दणादण तीसेक नावं घेतली. मी विचारलं, "ही सगळी कोण?" म्हणाला, "मपली मेंढरं." कागदाच्या हिशेबाने मेंढी हे एकच जनावर. मी एक गुण दिला आणि समासात सगळी नावं लिहिली. डॉक्टरांनी ती वाचली आणि म्हणाले, "ह्याची स्मरणशक्ती आपल्या दोघांपेक्षा बरी आहे."

शहागडची एक बाई मात्र मी अजून विसरले नाही. घड्याळ काढायला सांगितलं तर तिने बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले आणि डावी बाजू कोरी सोडली. आकड्यांची अशी गर्दी होते, तिला वैद्यकात कारणं आहेत. मी सहज विचारलं, "ही अर्धी बाजू रिकामी का ठेवली?"

"तितं सासूबाई बसल्यात ना."

सोबत आलेला नवरा म्हणाला, "मॅडम, आई वारून सात वर्षं झाली."

"व्हय," बाई शांतपणे म्हणाली, "म्हनून तर बसल्यात."

त्या दिवसापासून तिची चाचणी घेताना मी तिच्या डाव्या बाजूला कधी खुर्ची टाकली नाही. शिकलेली बाई मी, पण नाही टाकली.

आता रंगनाथ.

रंगनाथ हसनाबादचा, चाळिशीच्या आतला. आजारी पडण्याआधी त्याचं मोटार भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, त्याला मोटार भरणं म्हणतात. तारेचे वेढे मोजून घालावे लागतात, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्याच्या हातची मोटार दुसऱ्यांदा जळत नाही असा लौकिक होता. मग आजार आला, आवाज आले, दुकानाचं शटर खाली आलं. आमच्या गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले, पण माणूस नुसता बसून राहायचा.

एका फेब्रुवारीत त्याची बायको सुनंदा आणि थोरले भाऊ अंकुशराव त्याला घेऊन आले. अंकुशराव म्हणाले, "मॅडम, आमाला एकच सांगा. ह्याच्याच्यानं पुन्ना काम व्हईल का न्हाई? व्हनार नसंल तर तसं सांगा, मंग आमी आमचं बघतो." सुनंदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी त्याला समोर बसवलं. त्या वर्षीची माझी यादी अशी होती: कंदील, चिंच, पायरी, चांदी, घार. त्याने पाचही शब्द लगेच म्हणून दाखवले, सावकाश, एकेक वेढा घालावा तसे. मी म्हणाले, "लक्षात ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा विचारीन." त्याने मान डोलावली. घड्याळात सव्वाचार दाखवा म्हटलं, ते जमलं, पण आकडे वाकडेतिकडे गेले. उलटे महिने ऑगस्टला अडकले. जनावरं सहा झाली.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. व्हरांड्यात एका मुलीला फिट आली होती. "बसा, आलेच," म्हणून मी उठले. तिला कुशीवर वळवा, भोवतीची गर्दी हटवा, नाकाला चप्पल लावू पाहणाऱ्या काकांना आवरा, यात अर्धा तास गेला. परत आले तर रंगनाथच्या खुर्चीवर पुढचा पेशंट बसलेला. सुनंदा रंगनाथला घेऊन घरी गेली होती, अंकुशराव गोळ्यांच्या रांगेत उभे होते. डॉक्टर कागद मागत होते. कागदावर एकच चौकट रिकामी होती, पाच शब्दांची.

मी तिच्यात शून्य लिहिलं.

का लिहिलं? कारण रिकामी चौकट वाईट दिसते. कारण मला वाटलं, ज्याला महिने उलटे येत नाहीत त्याला पाच शब्द काय आठवणार. इतक्या वर्षांत हजारो चेहरे बघितले होते, मला न विचारताच कळतं असा एक माज चढला होता. त्याला मी अनुभव म्हणायचे. डॉक्टरांनी बेरीज बघितली आणि केसपेपरवर लिहिलं, स्मरणशक्तीत मोठी घट. केसपेपर हातात पडल्यावर अंकुशरावांनी गोळ्यांच्या रांगेतच मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढून घेतला होता, हे मला नंतर कळलं.

मार्चच्या मंगळवारी रंगनाथ आला नाही. एप्रिलमध्ये अंकुशराव आणि सुनंदा आले, तो नव्हताच. अंकुशरावांच्या हातात त्या कागदाची छापलेली प्रत होती. दुसऱ्या जिल्ह्यात अशा माणसांना ठेवून घेणारा एक आश्रम त्यांनी शोधला होता. आश्रमवाल्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती.

"दोन महिने झाले, तोंडातून शबूद न्हाई," ते म्हणाले. "भिताडाकडं तोंड करून बसतो आन नुस्ते व्होट हालवून राह्यला. हाक मारली तर अंगावर येतो. घरात कायबाय मांडून ठिवलंय त्यानं. गल्लीतले लोक म्हनत्येत करनी हाय. बाया उंबऱ्याच्या आत येईनात. मॅडम, तुमच्याच कागदावर हाय ना, ह्याच्या ध्यानात काईच ऱ्हात न्हाई म्हनून? मंग आमी किती दिवस वढायचं? परवाच्या दिवशी गाडी ठरवलीय."

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं होतं. सुनंदा दिराच्या मागे उभी होती. ती पहिल्यांदाच बोलली, आणि तेही माझ्याकडे न बघता. "माजं एक जोडवं बी घेतलंय त्यांनी. पायातून काडलं. मी काडू दिलं."

तिच्या पायाकडे माझं लक्ष गेलं. एका पायात जोडवं, दुसऱ्या पायाच्या बोटावर नुसता पांढरा वण. नवरा जिवंत असताना जोडवं काढू देणारी बाई किती भ्यायलेली असेल, किंवा तिचा त्याच्यावर किती जीव असेल, मला कळेना. मी डॉक्टरांना म्हणाले, "घर जवळ आहे. मी बघून येते, मग चिठ्ठीचं बघू." त्यांनी पेन ठेवलं.

अंकुशराव दवाखान्यातच थांबले, मी सुनंदाला घेऊन निघाले. दुपारी एकचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांच्या गल्लीत शिरलो तशी दोन दारं आतून लागली. एका खिडकीतून कुणीतरी बघत होतं, मी बघितल्यावर ते बाजूला झालं. घरासमोर तीन दगडी पायऱ्या असाव्यात. वर चढताना माझा पाय पोकळीत पडला आणि मी धडपडले. खालची पायरीच नव्हती. तिथे मातीत आयताकृती खड्डा होता.

"ती बी त्यांनीच काडली," सुनंदा म्हणाली. "पहारीनं."

आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, मी इथे येऊन गेले आहे.

मी त्या घरी कधीच गेले नव्हते. भिंतीचा निळा रंग, पत्र्याची पेटी, लोखंडी खाट, कशाचीच ओळख नव्हती. तरीही खोली माझ्या माहितीची होती. आपल्याच घरातली एखादी वस्तू परक्याच्या घरात दिसावी तसं काहीतरी. रंगनाथ आमच्याकडे पाठ करून भिंतीशी मांडी घालून बसला होता. ओठ हलत असावेत, कारण गालाची शीर हलत होती. आवाज मात्र अजिबात नव्हता.

त्याच्यासमोर जमिनीवर एक रांग मांडलेली होती. काच नसलेला जुना कंदील. चिंचेचा वाळून काळा पडलेला गोळा. मग पायरीचा तो दगड, मातीसकट. दगडापलीकडे कागदावर ठेवलेलं जोडवं. आणि शेवटी एक लांब तपकिरी पीस.

"हात लावू नका मॅडम," सुनंदा कुजबुजली. "लिंबू न्हाई, हळदकुकू न्हाई, तरी सगळे म्हनत्येत करनीच हाय."

"कधीपासून आहे हे?"

"तुमच्याकडं आल्ते ना, त्याच दिवसापासून. घरी आल्या आल्या माळ्यावरून कंदील काडला."

मी भिंतीवर बघितलं. वरच्या घड्याळात सव्वाचार वाजले होते. माझ्या मनगटावर एक वाजून गेला होता.

"सेल काडून घेतला त्यांनी," ती म्हणाली. "घालू बी देत न्हाईत."

मला अजूनही कळलं नव्हतं, हे मी लाजेने लिहिते. सगळं समोर मांडलेलं होतं, माझंच होतं, आणि मला ओळखू येत नव्हतं. फेब्रुवारीपासून मी ती यादी कितीतरी लोकांना सांगितली असेल. तोंडाने सांगत होते, ऐकत नव्हते. कळलं ते सुनंदाच्या पुढच्या बोलण्याने.

"मोटार भरताना बी ते असंच बसायचे मॅडम. तारंचे टर्न मोजताना कुनी हाक मारली तरी ओ द्यायचे न्हाईत. माजी आई आल्ती एकदा, तिच्याशी बी बोलले न्हाईत. मंग म्हनले, मधी बोललं की गिनती जाती, सगळी तार उकलून पुन्ना पयल्यापासून घालावं लागतं."

गिनती. मी त्या रांगेकडे पुन्हा बघितलं, डावीकडून उजवीकडे, एका सेकंदाला एक. ती माझीच यादी होती. दोन महिने हा माणूस गप्प होता, कारण मी त्याला पाच शब्द धरायला दिले होते आणि परत घ्यायला आलेच नव्हते. बोलला असता तर एखादा निसटला असता. कुणी हाक मारली की तो अंगावर जायचा, कारण हाकेने गिनती मोडते. आणि माझ्या कागदावर शून्य होतं.

मी त्याच्या शेजारी, रांगेला धक्का न लावता बसले. आवाज दवाखान्यात असतो तसाच ठेवायचा प्रयत्न केला. "रंगनाथ, मघाशी मी तुम्हाला पाच शब्द सांगितले होते. ते कोणते?"

ओठ हलायचे थांबले. त्याने हळूहळू मान वळवली. डोळे लाल, दाढी वाढलेली. माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. दारात आणखी कुणी उभं नाही ना, याची खात्री करत होता असं मला वाटलं.

"कंदील," तो म्हणाला. घसा इतका सुकला होता की पहिला शब्द फाटला. एक सेकंद. "चिंच." एक सेकंद. "पायरी. चांदी. घार."

मधली थांबण्याची जागासुद्धा माझीच होती.

"बराबर?"

"बरोबर. पाचही बरोबर."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की रांगेतलं पीस सरकलं. त्याने ते उचललं नाही. "लई येळ लावला मॅडम," तो म्हणाला. "थोडा येळ म्हनल्या व्हत्या."

"चुकलं माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"रोज तर येत व्हत्या." त्याने दाराकडे बोट केलं. "हितं उभ्या ऱ्हायच्या, दुपारच्याला. ध्यानात ठेवा म्हनायच्या, इचारते म्हनायच्या. मी वाट बघायचो. इचारायच्याच न्हाईत."

मी सुनंदाकडे बघितलं. तिने मान हलवली. अर्थात मी कधीच आले नव्हते. पण त्या क्षणी मला दाराकडे बघायची हिंमत झाली नाही. पेशंटच्या डोक्यात कुणाकुणाचे आवाज असतात ते मी वर्षानुवर्षं लिहून घेत आले होते: मेलेला बाप, पोलीस, देवी. आता त्यात मी होते, आणि मला तिथे मीच पाठवलं होतं.

त्याने पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्यायला. मग जोडवं उचलून सुनंदाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "घाल." ती तिथेच खाली बसली आणि जोडवं घालता घालता रडायला लागली.

दवाखान्यात परतल्यावर मी अंकुशरावांच्या देखत डॉक्टरांना सांगितलं, "हे शून्य माझं आहे. मी विचारलंच नव्हतं. न विचारता लिहिलं." डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी मला काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त केसपेपरवरची ओळ खोडली, सही केली आणि चिठ्ठीचा कोरा कागद परत पॅडमध्ये ठेवला.

अंकुशरावांनी हातातल्या प्रतीकडे बघितलं. "मॅडम, तुमच्या एका भोपळ्यापायी मी मपल्या भावाला सोडून येनार व्हतो," ते म्हणाले. "परवा ह्या येळंला सोडून आलो असतो." ओरडले नाहीत. कागदाच्या बारीक बारीक चिंध्या केल्या आणि खिशात घातल्या.

चमत्कार वगैरे झाला असं कुणी समजू नये. पुढच्या महिन्यात मी दुसरी यादी घेऊन चाचणी पूर्ण घेतली, खुर्चीवरून न हलता. पाचांतले दोन आठवले. डॉक्टर म्हणाले, "पहिले पाच त्याने लक्षात ठेवलेच नव्हते, धरून ठेवले होते. तसं धरून कुणी जगू शकत नाही." खरं होतं. त्याला नीट तपासायला संभाजीनगरला पाठवलं, जे मी दोन महिने आधी करायला हवं होतं. तिथून आल्यावर त्याच्या कामाचे लहान लहान तुकडे केले. दुकानाचं शटर अर्धं उघडलं. विहिरीवरच्या मोटारी नाहीत, पण टेबलफॅन भरतो. दर दहा वेढ्यांना सुनंदा पाटीवर खडूची एक रेघ मारते आणि तो बोलला तरी आता गिनती जात नाही. काही दिवस तो दुकानात येतच नाही. एकदा मी विचारलं, "माझा आवाज येतो का अजून?" म्हणाला, "कमी झालाय. पन हाय."

हे ऐकल्यावर मी जुने कागद काढून बसले. संस्थेच्या कपाटात माझ्या अक्षरातले गठ्ठेच्या गठ्ठे होते. पाच शब्दांच्या चौकटीतली शून्यं शोधत गेले. कोणतं विचारून लिहिलेलं, कोणतं न विचारता? मला एकही सांगता आलं नाही. सगळी सारखीच गोल होती. ती माणसं परतूरला, शहागडला, कुठे कुठे गेली असतील. त्यांतलं कुणी अजून भिंतीकडे तोंड करून बसलं असेल तर? त्या विचाराने मला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही. त्यानंतर प्रत्येक चाचणी संपली की मी म्हणायचे, "झालं. आता हे शब्द सोडून द्या. विसरलात तरी चालतील." नव्या मुली हसायच्या. हसू दे. हनीफभाई म्हणायचे, "मॅडमनं पूजेनंतर विसर्जन सुरू केलंय."

निवृत्त होण्याआधीचा माझा हसनाबादचा शेवटचा मंगळवार. हार, नारळ, पेढे सगळं झालं. रंगनाथ आणि सुनंदाही आले होते. तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला होता. मला म्हणाला, "मॅडम, तुमी हितं बसा," आणि मला पेशंटच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः माझ्या खुर्चीवर बसला. सगळे हसले, मीही हसले.

"मी पाच शबूद सांगतो," तो म्हणाला. "नीट ऐका."

त्याने सांगितले. एका सेकंदाला एक, आवाजात चढउतार न करता. मी लगेच म्हणून दाखवले. त्याने मान डोलावली.

"ध्यानात ठेवा. थोड्या येळानं इचारतो."

मग कुणीतरी नारळ दिला, कुणीतरी पाया पडलं, फोटो झाले, हनीफभाईंनी हॉर्न वाजवला. गाडी जालन्याजवळ आल्यावर माझ्या लक्षात आलं, त्याने विचारलंच नाही. मी सुनंदाला फोन लावला. म्हटलं, "रंगनाथना विचारा, माझे शब्द विचारायचे राहिले." तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग सुनंदा हसत म्हणाली, "ते म्हनत्येत, अजून येळ झाला न्हाई."

याला आता दोन वर्षं झाली. नंतर दोनदा फोन केला, दोन्हीदा तेच उत्तर. तो थट्टा करतो, की आजार बोलतो, की मला शिकवतो, मी ठरवू शकलेले नाही. ते शब्द मी कुणाला सांगितले नाहीत, इथेही लिहिणार नाही. लिहिलं की ते कागदावर जातील आणि माझ्याकडून सुटतील. मागच्या महिन्यात सुनेने विचारलं, "आई, शोकेसमध्ये हा सुतळीचा गुंडा कशाला ठेवलाय?" मी म्हटलं, राहू दे. त्याच्या शेजारच्या वस्तूबद्दल तिने अजून विचारलेलं नाही.

दुपारी जेवण झालं की मी आरामखुर्चीत बसते आणि एकदा सगळे म्हणून बघते, ओठांतल्या ओठांत. घरातले म्हणतात, आईंचा जप चाललाय. काल चौथा शब्द काही केल्या येईना. चहाची वेळ झाली तेव्हा कुठे आला.

रंगनाथ, आता लवकर विचारा.